शीड मोठं करायच्या आधी

पर्वरीच्या एका इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्याचा प्रश्न आहे. गेल्या पावसाळ्यात त्यानं घराच्या पोर्चमध्ये प्लायवूडची ११ फुटी डिंगी, म्हणजे छोटी शिडाची होडी, बांधली. ॲल्युमिनियम पाइपची, बाजूंनी तारांचा ताण नसलेली डोलकाठी, ताडपत्रीच्या कापडाचं ६० चौरस फुटांचं शीड, वरून खाली सरकवायचा डॅगरबोर्ड, म्हणजे होडी आडवी वाहू नये म्हणून तळातून पाण्यात उतरवायची फळी. होडी तो दोनापावलाला पाण्यात घालतो. त्याच्या तक्रारी अशा: होडी वाऱ्याला चढत नाही, म्हणजे वारा येतो त्या बाजूला तिरपी जात नाही, नुसती आडवी वाहत जाते; दुपारच्या वाऱ्यात टिलर (सुकाणूचा दांडा) दोन्ही हातांनी ओढून धरावा लागतो; शिडाच्या मागच्या खालच्या कोपऱ्यापासून डोलकाठीच्या मध्यापर्यंत तिरप्या चुण्या पडतात; तळाच्या एका सांध्यातून पाणी झिरपतं. त्यातच गोठलेल्या तळ्यांवर पळणाऱ्या आइसबोटींचे व्हिडिओ बघून तो भारावलाय. विचारतो, "काका, तसा वेग हवा तर शीड ८० फुटांचं करू का?"

नको. का नको, ते त्या आइसबोटीच सांगतील.

तू पाहिलेल्या आइसबोटींमधली सगळ्यात जास्त वापरली जाणारी जात म्हणजे डीएन. १९३६-३७ च्या हिवाळ्यात 'डेट्रॉइट न्यूज' या अमेरिकी वर्तमानपत्राच्या वर्कशॉपमध्ये ती तयार झाली, त्यावरून हे नाव. अंग १२ फूट, खालची आडवी फळी ८ फूट, डोलकाठी १६ फूट. आणि शीड? ६० चौरस फूट, म्हणजे तुझ्याइतकंच. तेवढ्याच कापडावर ती चांगल्या बर्फावर वाऱ्याच्या तिप्पट-चौपट वेगानं जाते. मग कमी काय पडतंय? शीड तर नक्कीच नाही. बर्फावर पोलादी रनरला, म्हणजे होडीखालच्या पात्यांना, घर्षण जवळजवळ नसतं आणि बाजूला घसरणंही नसतं, त्यामुळे शिडाची सगळी ओढ पुढे जाण्यात लागते. होडी जसजशी वेग घेते तसतसा तिला लागणारा वारा वाढतो आणि पुढून यायला लागतो, म्हणून ते लोक शीड कायम आत ओढून धरतात.

तुझी होडी पाण्यात बसते, लाट उठवते आणि त्याच लाटेत अडकते. पाण्यातली लांबी १० फूट धरली तर तिच्या वर्गमुळाला १.३४ नं गुण, सव्वाचार नॉटच्या (ताशी सागरी मैलांच्या) आसपास उत्तर येईल. वाऱ्यावर चढताना एवढ्या होडीनं यापुढे जाण्याची अपेक्षा धरू नये. वाऱ्याच्या पाठीवर, वजन मागे घेऊन ती पाण्यावर उठून घसरू लागली तर गोष्ट वेगळी. पण २० फूट कापड वाढवून चढताना मिळेल तो फक्त कल. होडी कलली की आणखी आडवी वाहणार, टिलर आणखी ओढणार. तुझ्या चारपैकी दोन तक्रारी तू शिंप्याला पैसे देऊन वाढवून घेशील.

कॅनडात राहत असताना मी ओंटारिओत या होड्या जवळून पाहिल्या, चालवल्याही. तिथली माणसं गॅरेजमध्ये रात्र-रात्र घासत बसतात ती रनर. शिडाकडे बघतात ते शेवटी. दोन्ही बाजूंचे रनर एकमेकांना समांतर आहेत का हे मिलिमीटरच्या अंशात बघतात, तेही होडीवर माणसाचं वजन ठेवून, कारण वजनाखाली फळी लवते आणि रनरची मांडणी बदलते. फळी किती लवते तेही त्यावर उभं राहून मोजतात. एक रनर वाकडा बसला तर बर्फावर पहिल्या शंभर मीटरमध्ये कळतं. तोच वाकडेपणा तुझ्या डॅगरबोर्डमध्ये असला तर तू महिनोन् महिने वाऱ्याला, भरतीला आणि शिडाला दोष देत राहशील, कारण पाण्यात सगळंच मंद चालतं. त्यामुळे त्यांची सवय उचल: आधी खालचं बघ, मग डोलकाठी, मग शीड.

(कोणी तुला डीएनला चाकं लावून किनाऱ्यावर चालवायचा सल्ला देईल. गोव्यात किनाऱ्यावर वाहन न्यायला बंदी आहे, आणि मोरजी, आगोंद, गालजीबाग इथं तर कासवं अंडी घालतात. तो नाद सोड.)

आता डॅगरबोर्ड. तू लिहिलंस की १८ मिमी प्लायची सरळ फळी कापून कडा पॉलिश पेपरनं गोल केल्या. माझ्या मते तुझ्या होडीचा निम्मा आजार इथं आहे. आडवं वाहणं थांबवण्यासाठी बोर्डला पाण्यात उचल तयार करावी लागते, आणि सपाट फळी ती थोड्याशा कोनातच सोडून देते. नवा बोर्ड कर. १२ मिमी मरीन प्लायचे दोन तुकडे एपॉक्सीनं चिकटव, म्हणजे २४ मिमी जाडी मिळेल. रुंदी २४० मिमी ठेव, होडीच्या तळाखाली ७५० मिमी तरी उतरू दे.

पुढच्या कडेपासून ७२ मिमीवर जाडी पूर्ण २४ असायला हवी. २४ मिमीवर १९, १४४ मिमीवर १८, १९२ मिमीवर साधारण साडेदहा. पुढची कड लंबगोल, टोकदार नाही. मागची कड निमुळती होत होत २-३ मिमीवर चौकोनी कापून सोड. सुरीसारखी धार केलीस तर पहिल्याच रेतीत तिचे तुकडे पडतील. या मापांचा अर्धा साचा जाड पुठ्ठ्यावर काप आणि दोन्ही बाजूंना लावून बघत जा. प्लायचा इथं एक फायदा आहे. रंधा मारताना आतले थर एकेक करून उघडे पडतात आणि गोंदाच्या काळसर रेषा दिसायला लागतात. त्या रेषा वरपासून खालपर्यंत सरळ आणि समांतर राहिल्या तर आकार बरोबर चाललाय. कुठं रेष पोटासारखी फुगली की तिथं रंधा जास्त चालला किंवा कमी पडला. माप घेण्याआधी डोळ्याला कळतं. प्लायचे निम्मे थर आडवे असल्यामुळे बोर्ड भार सहन करायला थोडा कमजोर पडतो, म्हणून वरून फायबरग्लासच्या कापडाचा एक थर दोन्ही बाजूंना हवाच.

मग तो बसतो कसा ते तपास. होडी उपडी कर. नाळेच्या (पुढच्या टोकाच्या) मध्यापासून ट्रान्समच्या (मागच्या आडव्या फळीच्या) मध्यापर्यंत दोरा ताण. बोर्ड उलट्या बाजूनं खाचेत घालून पूर्ण बाहेर काढ. पुढच्या आणि मागच्या कडेच्या मध्यरेषा दोऱ्याच्या नेमक्या रेषेत यायला हव्यात. २४० मिमी रुंदीत ४ मिमीचा फरक म्हणजे एक अंश वाकडेपणा, आणि एक अंश म्हणजे एका टॅकवर (वारा एका बाजूनं घेऊन) होडी बरी चालणार, दुसऱ्या बाजूला रडणार. मग बोर्डच्या टोकापासून होडीच्या दोन्ही बाजूंच्या कडांपर्यंत अंतर मोज. ते सारखं हवं. खाच ढिली असेल तर आतून जुन्या गालिच्याच्या पट्ट्या चिकटव. बोर्ड हातानं सरकला पाहिजे, पण पीळ खाता कामा नये. शेवटी रडर (सुकाणू) लाव, टिलर मध्यावर बांध, दहा-बारा पावलं मागे जाऊन एक डोळा मिटून बघ. रडर आणि बोर्ड एकामागे एक लपले पाहिजेत. रडरच्या बिजागरीत खडखड असेल तर आधी ती काढ, नायलॉनची वॉशर पुरते.

एवढं झाल्यावर डोलकाठी. तुझ्या तिरप्या चुण्यांचं कारण मला पत्र वाचतानाच कळलं. ताण नसलेली पाइपची डोलकाठी वाऱ्यात आणि मेनशीट (शीड आत ओढायचा दोर) ओढल्यावर मागे वाकते. वाकली की मध्यावर पुढे जाते आणि शिडाचं कापड पुढे ओढते. शिंप्यानं पुढची कड सरळ शिवली असेल, म्हणजे त्या वाकण्यासाठी कापडच ठेवलेलं नाही. मग शीड मध्ये सपाट होतं आणि मागच्या कोपऱ्यातून चुण्या सुटतात. सकाळच्या हलक्या वाऱ्यात त्या दिसणार नाहीत, दुपारी दिसतील. तू लिहिलंस तेही तसंच.

अंगणात होडी बांधून उभी कर. डोलकाठी लाव, शीड चढव, बूम (शिडाखालचा आडवा दांडा) मधोमध ठेव आणि मेनशीट दुपारी ओढतोस तशी पूर्ण ओढून बांध. डोलकाठीच्या टोकापासून बूमच्या पातळीपर्यंत तिच्या मागच्या बाजूला दोरा ताण आणि पाव, अर्धा, पाऊण उंचीवर दोरा आणि काठी यांतलं अंतर मोज. समज मध्यावर ५५ मिमी आलं. आता शीड उतरव, जमिनीवर पसर, वरचा कोपरा आणि पुढचा खालचा कोपरा यांमध्ये तोच दोरा धर. दोऱ्याच्या पुढे कापड किती येतं? तुझ्याकडे शून्य असणार. तिथं ५५ पेक्षा थोडं जास्त, ७० च्या आसपास हवं, म्हणजे काठीचं वाकणं भागून शिडाला थोडं पोटही उरेल. शिडाची डोलकाठीवर चढवायची नळी उसवून त्या तीन मापांप्रमाणे वळणदार पट्टी जोडून घे. ताडपत्रीला हे काम दोन तासांचं आहे. शिंपी म्हणेल सरळ शिवण चांगली दिसते; त्याला खडूनं रेघ मारून दे आणि तिथंच उभा राहा.

दुसरा रस्ता काठीच ताठ करण्याचा. पाइपात लाकूड ठोकलं की ती ताठ होते असं आपल्याकडे सर्रास सांगतात. ॲल्युमिनियमच्या मानानं आतल्या लाकडाचा ताठपणा नगण्य आहे, वजन मात्र वाढतं. ताठ करायचीच तर आत घट्ट बसणारा दुसरा पाइप, होडीच्या वरच्या आधारापासून फूटभर वर आणि तळापर्यंत. स्टीलचा स्क्रू ॲल्युमिनियममध्ये नुसता पिळू नकोस, खाऱ्या पाण्यात भोवतालचा पाइप पांढरी भुकटी होऊन झडतो. मध्ये सीलंट किंवा नायलॉनचं वॉशर घाल. बूमसाठी मात्र माणगा बघ. आपल्या कोकण-गोव्यातला हा बांबू जवळजवळ भरीव, सरळ आणि बिनकाट्याचा. वाळवून, एपॉक्सी आणि वार्निश लावून वापरलास तर बाजारातल्या कुठल्याही पाइपपेक्षा मला तो जास्त आवडतो, आणि डोक्याला लागला तर टेंगळावर भागतं.

टिलरची ओढ. लोक लगेच डोलकाठी पुढे-मागे करायला धावतात. आधी होडी सपाट चालव. कललेली होडी आपोआप वाऱ्याकडे वळते आणि तू ते टिलरनं अडवत बसतोस, म्हणजे रडरचा ब्रेक करून चालतोस. बाहेर वाक, तेवढ्यानं पुरत नसेल तर मेनशीट ढिली सोड. सपाट असतानाही ओढत असेल तर टोकापासून ओळंबा सोडून डोलकाठी किती मागे झुकली आहे ते बघ. साडेचार मीटरच्या काठीत दोन अंश म्हणजे साधारण १६० मिमी. तुझी त्याहून बरीच मागे असेल तर तळातला आधार थोडा मागे सरकवून काठी उभी कर. शेवटी टिलरवर दोन बोटांची ओढ उरली पाहिजे. ती पूर्ण गेली किंवा उलटी झाली तर तेही वाईट. हातातून टिलर सुटला तर होडीनं स्वतः वाऱ्यात तोंड घालून थांबावं, पाठ फिरवून पळू नये.

वाऱ्याचं म्हणशील तर आपला हिवाळा शिकायला फार चांगला. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सकाळी घाटाकडून मतलई येते, गार आणि हलकी. दहा-अकराला ती पडते. तास-दीड तास पाणी तेलासारखं. मग पश्चिमेकडून खारा वारा सुरू होतो, दुपारभर उजवीकडे सरकत वायव्येचा होतो आणि तीन-चारच्या सुमारास १०-१५ नॉटपर्यंत जातो. म्हणजे एकाच दिवसात तुला दोन वेगळी शिडं लागतात. सकाळी आउटहॉल (शिडाचा मागचा खालचा कोपरा बूमवर ताणायचा दोर) ढिला, शिडाला पोट. दुपारी आउटहॉल घट्ट, पुढची कड खाली ओढलेली, व्हँग (बूम खाली ओढून धरणारा दोर) बसवलेला. आणि ८० फुटांऐवजी आहे त्या शिडात रीफच्या, म्हणजे शीड खालून गुंडाळून लहान करायच्या, दोऱ्या शिवून घे, ६० चे ४५ होतील एवढ्या. तू एकटा, ६० किलोचा मुलगा. १५ नॉटमध्ये ४५ फुटांवर सपाट चाललास तर ६० फुटांवर कलून चालणाऱ्याला मागे टाकशील.

दोनापावलाची एक अडचण लक्षात ठेव. वायव्येचा वारा तिथं काबोच्या टेकडीवरून येतो. किनाऱ्याजवळ तो तुटक, फिरता. एक झोत या बाजूनं तर दुसरा त्या बाजूनं. तिथं होडी वाऱ्याला किती चढते हे ठरवू नकोस, कोणीच ठरवू शकणार नाही. वारा स्वच्छ मिळतो तिथवर बाहेर जाऊन मोज. पण तोच वारा तुला जमिनीपासून दूर, जुवारी नदीच्या मुखात आणि मुरगाव बंदराच्या जहाजांच्या वाटेकडे ढकलतो. त्यामुळे बाहेर जाताना सोबत दुसरी होडी हवी, अंगावर लाइफजॅकेट हवं, आणि होडीत पुढे-मागे हवाबंद कप्पे हवेत. कप्प्यांत झाकणं लावलेल्या रिकाम्या बाटल्या भरल्या तरी चालतं. मांडवीत गेलास तर फेरीबोट आणि बार्ज यांच्या मार्गापासून लांब राहा; आग्वादपाशी नदीच्या तोंडाशी ओहोटी बाहेर आणि वारा आत असताना आखूड, उभ्या लाटा उठतात, उधाणाच्या दिवसांत तर जास्तच. नोंदणीचं बंदर कप्तान खात्यात विचारून घे. आणि सावकाश, रीतसर शिकायचं असेल तर करंजाळेची राष्ट्रीय जलक्रीडा संस्था तुझ्या घरापासून लांब नाही.

गळतीसाठी तू पॉलिस्टर रेझिन लावायचं म्हणतोस, कारण स्वस्त. प्लायवर ते फार दिवस धरून राहत नाही, सुटतं. एपॉक्सीच लाव. त्याआधी होडी गोड्या पाण्यानं आतबाहेर धू, कारण लाकडात राहिलेलं मीठ ओल ओढत राहतं. आठवडाभर सावलीत वाळव. सांधा उघडा लाकूड दिसेपर्यंत घास, एपॉक्सीत लाकडाचा बारीक भुसा कालवून कोपऱ्यात गोलसर भर, ती ओली असतानाच वरून ७५ मिमीची ग्लासची पट्टी. हे काम दुपार उतरल्यावर कर. सकाळी ऊन चढत असताना लावलंस तर लाकडातली हवा तापून बाहेर येते आणि एपॉक्सीत बुडबुडे पडतात. रेझिन थोडं थोडं कालव आणि पसरट ताटलीत ओत. खोल डब्यात आपल्या उकाड्यात ते धूर सोडून घट्ट होतं. दुसऱ्या दिवशी वर चिकट मेणासारखा थर दिसला तर आधी पाणी आणि स्क्रबरनं धू, मग घास. बाहेरून रंग पांढराच. गडद रंगाची होडी एप्रिलच्या उन्हात इतकी तापते की साधी एपॉक्सी मऊ पडायला लागते.

तुझे वडील म्हणतात ना, लाकडाची होडी टिकणार नाही, फायबरची घे? त्यांना सांग, नौदलाची शिडाची होडी 'म्हादेई' इथं दिवाडी बेटावर बांधली गेली, लाकडाच्या पट्ट्या आणि वरून फायबरग्लास. २००९ मध्ये ती नौदलात आली. दिलीप दोंदे तिच्यावर एकटे जग फिरून आले, आणि २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी कुठंही न थांबता. लाकूड टिकतं, पाणी आत शिरू दिलं नाही तर.

वजनाचं थोडक्यात. ६ मिमी मरीन प्लायची एक शीट आपल्याकडे १२-१३ किलो भरते, आणि तुझ्या होडीत चार गेल्या असतील. बाथरूमचा वजनकाटा आधी नाळेखाली, मग ट्रान्समखाली ठेवून बेरीज कर. १९६३ ची ब्रिटिश मिरर डिंगी, तुझ्याच लांबीची आणि तशीच तारेनं टाके घालून जोडलेली, साडेपंचेचाळीस किलोची. तुझी ६५ पर्यंत असेल तर गप्प बस. त्यापुढे असेल तर प्लाय कापू नकोस, आधी आतला नांगर, आइसबॉक्स आणि सांध्यातून आलेलं पाणी बाहेर काढ.

शीड दुरुस्त होऊन आलं की मागच्या कडेला वरच्या भागात आणि पोटात, डोलकाठीपासून ३०-४० सेंमी मागे, दोन्ही बाजूंना लोकरीचे धागे चिकटव. पोटातले दोन्ही धागे सरळ मागे वाहिले तर चढण्याचा कोन बरोबर. वाऱ्याकडचा फडफडला तर जास्त वर चढलास, आडोशाचा लोंबला तर वाऱ्यापासून जास्त दूर वळलास. मागच्या कडेचा धागा सतत शिडामागे लपत असेल तर मेनशीट किंवा व्हँग जास्त आवळलाय. फोनचा होकायंत्र वॉटरप्रूफ पिशवीत घालून एका टॅकवर सरळ चालव, आकडा बघ, टॅक बदल, परत बघ. दोहोंत ९० ते १०० अंशांचा फरक आला तर होडी जमली. ११० च्या पुढे असेल तर शिडाला हात लावण्याआधी पुन्हा होडी उपडी करून तो दोरा ताण. आणि हे मोजताना भरती-ओहोटीचा प्रवाह थांबलेला असू दे, म्हणजे भरती पूर्ण झाल्यावरचा अर्धा तास, तोही भांगाच्या दिवसांतला.